बाटली बेडपाशी आली आणि हात स्वच्छ व्हायला लागले: जिनिव्हाची केस

डिसेंबर १९९४, स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाचं मोठं टीचिंग हॉस्पिटल. ट्रेनिंग दिलेली माणसं वॉर्डावॉर्डात जाऊन उभी राहिली, काम एकच, कोण कधी हात स्वच्छ करतंय ते बघायचं आणि कागदावर टिपायचं. पेशंटला हात लावायच्या आधी, सलाईनची लाईन जोडायच्या आधी, लघवीची पिशवी रिकामी केल्यावर, एका बेडवरून दुसऱ्या बेडवर जाताना, म्हणजे जिथे जिथे हात स्वच्छ व्हायलाच हवे होते ती प्रत्येक वेळ एक संधी म्हणून मोजली. अशा २,८३४ संधी भरल्या आणि त्यातल्या फक्त ४८ टक्के वेळा हात स्वच्छ केलेले दिसले. अर्ध्याहून कमी! हे स्वित्झर्लंड आहे हे लक्षात घ्या, पाणी आहे, साबण आहे, शिकलेला स्टाफ आहे, पैशाची ददात नाही. आणि त्याच वर्षी तिथे हॉस्पिटलात आल्यावर लागलेल्या इन्फेक्शनचं प्रमाण होतं १६.९ टक्के, म्हणजे कुठल्याही एका दिवशी ॲडमिट असलेल्या साधारण सहा पेशंटांमागे एकाला, तो ज्यासाठी आला ते सोडून, हॉस्पिटलनंच दिलेलं काहीतरी.

मी इन्फेक्शन कंट्रोलचं काम करते, आणि नवीन स्टाफच्या ट्रेनिंगमध्ये मी हीच केस घेते. सेमेलवाइस या डॉक्टरची गोष्ट सगळ्यांनी नर्सिंगला किंवा एमबीबीएसला ऐकलेली असते, व्हिएन्ना, १८४७, क्लोरीनचं पाणी, बाळंतिणींचे मृत्यू कमी झाले वगैरे. ती गोष्ट मोठीच आहे पण त्यातून आपल्याला कळतं ते एवढंच की हात धुतल्यानं जीव वाचतो. हे आता माहिती नसलेला माणूस हॉस्पिटलात सापडणार नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे, की माहिती असून हात का धुतले जात नाहीत. आपल्याकडच्या मीटिंगमध्ये या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं, स्टाफ निष्काळजी आहे, मेमो द्या, अजून एक लेक्चर ठेवा. जिनिव्हात वेगळं उत्तर निघालं आणि ते आकड्यांतून निघालं म्हणून ही केस नीट बघण्यासारखी आहे.

तिथले इन्फेक्शन कंट्रोलचे प्रमुख दिदिये पिते. त्यांनी तो ४८ चा आकडा तसाच मॅनेजमेंटपुढे नेऊन टाकला नाही, आधी तो फोडून बघितला. नर्सेसचं प्रमाण ५२ टक्के निघालं, डॉक्टरांचं ३०. वॉर्डांत बघितलं तर सगळ्यात खराब आयसीयू, ३६ टक्के, जिथले पेशंट सगळ्यात नाजूक, नळ्या सगळ्यात जास्त, तिथेच हात सगळ्यात कमी स्वच्छ. ज्या कामात इन्फेक्शनचा धोका जास्त त्या कामाच्या वेळी प्रमाण अजून खाली. आणि शनिवार-रविवारी मात्र चित्र बरं! आता आयसीयूतल्या सिस्टर सगळ्यात बेजबाबदार आणि वीकेंडला अचानक सगळे जबाबदार असं तर होऊ शकत नाही ना. खरं उत्तर होतं कामाचा ताण. तासाला हात स्वच्छ करायच्या संधी जितक्या जास्त, तितकं प्रमाण कमी होत जात होतं. वीकेंडला काम जरा हलकं असतं म्हणून तिथे आकडा वर.

आता यातलं गणित बघा, मला ही केस आवडते ती या गणितासाठी. साबण-पाण्यानं नीट हात धुवायला, नळ सोडण्यापासून पुसण्यापर्यंत, ४० ते ६० सेकंद लागतात. त्यात बेसिनपर्यंत चालत जाणं आणि परत बेडपाशी येणं धरा, दीड मिनिट कुठेच गेलं नाही. आयसीयूत तासाला वीसेक वेळा हे करायचं म्हटलं तर अर्धा तास गेला. प्रत्येक तासातला अर्धा तास बेसिनपाशी! साधारण त्याच काळात, १९९७ मध्ये, आंद्रियास फॉस आणि आंद्रियास विडमर या दोघांनी हाच हिशेब कागदावर मांडला होता, १२ जणांचा स्टाफ असलेलं आयसीयू धरलं, प्रत्येक वेळी नियमाप्रमाणे हात धुवायचे ठरवलं, तर एका दिवसपाळीत नर्सिंगचे १६ तास निव्वळ हात धुण्यात जातील, आणि बेडपाशीच ठेवलेलं अल्कोहोलचं हँडरब, म्हणजे पाण्याशिवाय हातावर चोळायचं द्रावण, वापरलं तर ३ तास. १६ तास म्हणजे दोन सिस्टर्सची अख्खी ड्युटी. म्हणजे आपण ज्याला नियम म्हणत होतो तो पाळता येण्यासारखाच नव्हता. ज्या सिस्टर मन लावून काम करत होत्या त्यासुद्धा तो मोडतच होत्या, कारण पेशंटची सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी, खाली जात असताना कोणी बेसिनकडे चालत जात नाही, आणि जाऊही नये.

आपल्या वॉर्डात हे अजून कठीण. मी पाहिलेले कितीतरी जनरल वॉर्ड असे आहेत की बेसिन एक, तेही ड्युटी रूमच्या बाजूला, खिडकीकडच्या शेवटच्या बेडवरून तिथे यायचं म्हणजे अख्खा वॉर्ड ओलांडायचा, वाटेत जमिनीवर नातेवाईक, डबे, पिशव्या, आणि वाटेत चार जण थांबवणार, सिस्टर बाटली संपली, सिस्टर डॉक्टर कधी येणार. रात्रपाळीला एवढ्या वॉर्डाला एक सिस्टर आणि एक मावशी. बेसिनवर साबणाची वडी पाण्यात पडून लिबलिबीत झालेली, आणि हात पुसायला सकाळपासून लटकलेला तोच एक टॉवेल, ज्याला पुसल्यावर हात होते त्यापेक्षा खराब व्हायचे. अशा ठिकाणी हात धुवा असा बोर्ड लावून काय होणार आहे?

हात स्वच्छ न करता गेलेल्या वेळात हातावर काय होतं हेही त्याच हॉस्पिटलात मोजलेलं आहे. पितेंच्या टीमनं पेशंटची सेवा करताना स्टाफच्या बोटांचे नमुने घेतले, तर ग्लोव्ह्ज नसलेल्या हातांवर जंतूंच्या वसाहती मिनिटाला सरासरी १६ नं वाढत जात होत्या. काम जितकं लांबलं तितके जंतू जास्त, सरळ रेषेत. आणि हे काही ऑपरेशन नाही, साधी रोजची सेवा. स्पंजिंग करताना, कूस बदलताना, डायपर बदलताना हातावर आलेलं पुढच्या बेडच्या सेंट्रल लाईनपर्यंत, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीपर्यंत, पोचतं. जंतूंना पाय नसतात, ते आपल्या बोटांवरून जातात.

मग जिनिव्हात काय केलं. सगळ्यात आधी बेसिनचा आग्रह सोडला. हात वरवर स्वच्छ असतील, म्हणजे रक्त, लघवी, संडास, चिकटपणा असं डोळ्यांना दिसत नसेल, तर साबण-पाणी नको, अल्कोहोलचं द्रावण चोळा, २० ते ३० सेकंद, सुकेपर्यंत. आणि ते द्रावण माणूस जिथे उभा आहे तिथे नेलं. बाटल्या बेडपाशी लावल्या, स्टाफला खिशात मावतील अशा छोट्या बाटल्या दिल्या. चालणं संपलं, पुसणं संपलं, आणि चोळता चोळता पेशंटशी बोलताही येतं, कसं वाटतंय आज, झोप लागली का, तेवढ्यात हात तयार.

द्रावण हाताला सोसायला हवं हेही तेवढंच महत्त्वाचं. नुसतं स्पिरिट लावत राहिलं की हात कोरडे पडतात, भेगा पडतात, भेगांवर परत स्पिरिट लागलं की आग होते, मग माणूस टाळायला लागतो, आणि भेगा पडलेल्या कातडीवर जंतू उलट जास्त टिकतात. तिथल्या हॉस्पिटलच्या फार्मसीतले विल्यम ग्रिफिथ्स यांनी अल्कोहोलच्या द्रावणावर बरंच काम केलेलं होतं, कातडी मऊ ठेवणारे घटक घालून. दिवसातून पन्नास वेळा लावलं तरी हात शाबूत राहतील असं काही नसेल तर बाकी सगळी मोहीम पाण्यात. आपल्याकडे खरेदी करताना हे कोणी बघत नाही, सगळ्यात स्वस्त टेंडरचं आणतात, मग ते चिकट लागतं किंवा नाकात झणझणतं, आणि बाटल्या भरलेल्याच राहतात.

दुसरं म्हणजे भिंती बोलक्या केल्या. पोस्टर सगळीकडेच असतात, पण तिथे वॉर्डातल्या स्टाफनंच संदेश सुचवायचे, चित्रकारानं त्यावर कार्टून काढायची, आणि पोस्टर ठराविक दिवसांनी बदलत राहायची. बदलणं महत्त्वाचं, एकच पोस्टर महिनाभर लटकलं की ते भिंतीचा रंग होऊन जातं, कोणाला दिसतच नाही. तिसरं, दर सहा महिन्यांनी परत तेच निरीक्षण, १९९४ च्या डिसेंबरपासून १९९७ च्या डिसेंबरपर्यंत अशा सात फेऱ्या, २०,००० च्या वर संधी, आणि निघालेले आकडे त्या त्या लोकांना परत दाखवायचे, शिक्षा म्हणून नाही, आपण कुठे आहोत हे कळावं म्हणून. आणि वरचे लोक बरोबर होते, मॅनेजमेंटनं पैसा दिला, सीनियर डॉक्टर पाठीशी उभे राहिले. हे एका वाक्यात लिहिलं पण याच्याशिवाय बाकीचं काहीच हलत नाही हे ज्यांनी हॉस्पिटलात काम केलंय त्यांना माहितीये.

आता निकाल. ४८ टक्क्यांवरून हळूहळू चढत १९९७ ला ६६ टक्के. यातली एक गोष्ट बघण्यासारखी आहे, साबण-पाण्यानं हात धुण्याचं प्रमाण जवळजवळ जिथल्या तिथेच राहिलं, वाढलं ते सगळं हँडरबचं. हॉस्पिटलात हँडरब किती खपतं याचा हिशेबही वेगळा ठेवला होता, १९९३ ला १,००० पेशंट-दिवसांमागे (एक पेशंट एक दिवस ॲडमिट, तो एक पेशंट-दिवस) ३.५ लिटर, १९९८ ला १५.४ लिटर, चौपटीहून जास्त. इन्फेक्शनचं प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस जंतू, एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या घटना १०,००० पेशंट-दिवसांमागे २.१६ होत्या त्या ०.९३ झाल्या. हा सगळा अभ्यास २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आला आणि त्यानंतर जगभर हॉस्पिटलांनी आपला विचार बेसिनकडून बाटलीकडे वळवला.

डॉक्टर मात्र सुधारले नाहीत. नर्सेस आणि नर्सिंग असिस्टंट यांच्यात चांगला फरक पडला, डॉक्टर साधारण जिथे होते तिथेच. इतकं सगळं करून. मला यात आश्चर्य वाटत नाही पण वाईट नक्की वाटतं, कारण राउंडला येणारा डॉक्टर एका फेरीत वॉर्डातल्या सगळ्या बेडना हात लावून जातो, सिस्टर निदान आपल्या आपल्या पेशंटपुरती असते. पितेंच्या टीमनं नंतर फक्त डॉक्टरांवर वेगळा अभ्यास केला, १६३ डॉक्टर, २००४ ला तो छापून आला, सरासरी ५७ टक्के, आणि स्पेशालिटीप्रमाणे प्रचंड फरक, मेडिसिनवाले वर तर भूलतज्ज्ञ तळाला. कोण हात स्वच्छ ठेवतो हे कशावरून ठरतं ते पाहिलं तर काही गोष्टी पुढे आल्या, हँडरब हाताशी आहे का, आपल्याकडे कोणी बघतंय याची जाणीव आहे का, आणि आपल्याला बघून ज्युनियर शिकतात असं तो डॉक्टर स्वतः मानतो का. यातली शेवटची गोष्ट मी आमच्याकडच्या सरांना आवर्जून सांगते. राउंडला सर पुढे, मागे लेक्चरर, मग रेसिडेंट, मग इंटर्न, सरांनी पहिल्या बेडला बाटली दाबली की मागची अख्खी रांग दाबते, आणि सरांनी नाही दाबली तर कोणीही दाबत नाही, इंटर्नची तर हिंमतच होत नाही सरांच्या पुढे बाटलीकडे हात न्यायची. सर, एवढं एक करा, बाकीचं आम्ही बघतो.

या केसवर घेण्यासारखे आक्षेपही आहेत आणि ते खरे आहेत. तुलनेला दुसरं हॉस्पिटल नव्हतं, आधीचं आणि नंतरचं एवढंच. एमआरएसएसाठी पेशंट ओळखणं, वेगळं ठेवणं हे उपायही त्याच वर्षांत चालू होते, त्यामुळे कमी झालेलं सगळं इन्फेक्शन फक्त हातांमुळे कमी झालं असं म्हणता येत नाही. कोणीतरी वही घेऊन बघतंय म्हटल्यावर माणूस जास्त नीट वागतो, तेही आलंच. पण हँडरबच्या लिटरचा आकडा बघणाऱ्यामुळे फुगत नाही, निरीक्षक फक्त अधूनमधून यायचे आणि बाटल्या वर्षभर रिकाम्या होत होत्या, म्हणून मी त्या आकड्यावर जास्त भरवसा ठेवते. खर्चाचंही त्यांनी नंतर गणित मांडलं, इन्फेक्शनमध्ये जेवढी घट झाली तिच्यातला १ टक्क्याहूनही कमी वाटा हातांच्या स्वच्छतेचा धरला तरी मोहिमेचे पैसे वसूल होतात. सेंट्रल लाईनचं एक इन्फेक्शन म्हणजे आयसीयूचे वाढलेले दिवस, महागडी इंजेक्शनं, आणि आपल्याकडे ते बिल त्या घरानं शेत नाहीतर दागिने गहाण ठेवून भरलेलं असतं.

पुढे २००५ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेनं स्वच्छ हातांची जागतिक मोहीम सुरू केली, ती पितेंच्याच नेतृत्वाखाली, आणि २००९ ला मार्गदर्शक सूचना आल्या, पाच वेळांचा नियम त्यातलाच. पेशंटला हात लावण्याआधी, कुठलंही निर्जंतुक काम करण्याआधी, अंगातल्या द्रवाशी संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावल्यावर, आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. शेवटचा सगळ्यात जास्त विसरला जातो, पेशंटला तर हात नाही लावला, नुसता मॉनिटरचा अलार्म बंद केला, बेडची कड धरली, केसपेपर उचलला. त्या कडेवर पेशंटचेच जंतू असतात.

हँडरबची कृतीही संघटनेनं सगळ्यांसाठी खुली ठेवली. १० लिटर करायचं असेल तर ९६ टक्क्यांचं इथेनॉल ८,३३३ मिली, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साईड ४१७ मिली, ९८ टक्क्यांचं ग्लिसरॉल १४५ मिली, आणि उरलेलं डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी. अल्कोहोल जंतूंना मारतं, पेरॉक्साईड बाटलीत चुकून आलेल्या स्पोअर्ससाठी (जंतूंची टणक कवचातली सुप्त रूपं), म्हणून भरल्यावर ७२ तास तसंच ठेवायचं, आणि ग्लिसरॉल आपल्या कातडीसाठी. पाणी स्वस्त पडावं म्हणून घालत नाहीत, अल्कोहोलला जंतूची प्रथिनं मोडायला पाणी लागतंच, म्हणून निव्वळ स्पिरिटपेक्षा ८० टक्क्यांचं द्रावण जास्त मारतं. मोठ्या प्रमाणात बनवणं मात्र फार्मसीचं काम, आगीचा धोका असतो, वॉर्डात कोणी प्रयोग करायचा नाही.

महाराष्ट्राला या कृतीची खरी ओळख झाली ती २०२० च्या मार्चमध्ये. सॅनिटायझर बाजारातून गायब झालं, केंद्र सरकारनं ते जीवनावश्यक वस्तूंत टाकलं, २०० मिलीला जास्तीत जास्त १०० रुपये भाव बांधून दिला, आणि आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या सॅनिटायझर बनवायला लागल्या. मळीपासून अल्कोहोल आपल्याकडे होतंच. म्हणजे कच्चा माल आपल्या दारात आहे, कृती फुकट आहे, तेव्हा परवडत नाही हे कारण निदान आपल्याकडे चालायला नको.

मग अडतं कुठे? मी पाहिलेल्या एका वॉर्डात स्टोअरमधून हँडरब वेळेवर यायचं, रजिस्टरला नोंद व्हायची, आणि बाटल्या कपाटात कुलपात. कारण बाहेर ठेवल्या तर चोरीला जातात आणि ऑडिटला उत्तर इन्चार्ज सिस्टरला द्यावं लागतं. त्या सिस्टरचं काय चुकलं? बाटली हरवली तर तिला विचारणार, पेशंटला इन्फेक्शन झालं तर तिला कोणी विचारणार नाही. तिथे उपाय निघाला तो साधा, बेडच्या कडेला तारेचा स्टँड, त्यात अडकवलेली बाटली, आणि तुटफूट-गहाळ म्हणून महिन्याला ठराविक बाटल्या माफ असं वरून लेखी आलं. लेखी आलं तेव्हाच कपाट उघडलं.

दुसरी अडचण नातेवाईकांची, आणि ही जिनिव्हाच्या पेपरात सापडणार नाही. आपल्याकडे पेशंटला भरवणं, पुसणं, बेडपॅन देणं हे अर्ध्याहून जास्त नातेवाईक करतात. एक आजी होत्या, नातवाजवळ बसलेल्या, मला म्हणाल्या, "सिस्टर, ते दारूचं असतं ना, मी माळकरी हाय, मला नको." मी म्हटलं, "आजी, हे पोटात जात नाही, हातावर सुकून जातं. आणि नकोच असेल तर साबणानं धुवा, पण त्याला भरवायच्या आधी आणि त्याचं सगळं काढल्यावर धुवाच." आजींनी साबण निवडला आणि शेवटच्या दिवसापर्यंत पाळलं, शेजारच्या बेडवाल्यांनाही दटावलं. नातेवाईकांना कोणी सांगतच नाही, सांगितलं तर ते स्टाफपेक्षा जास्त मनावर घेतात, त्यांचं माणूस असतं ते.

ग्लोव्ह्जबद्दल थोडक्यात, ग्लोव्ह्ज घातले म्हणजे हात धुतले असं नाही, त्यांना बारीक भोकं असू शकतात आणि काढताना हात माखतात, काढल्यावर चोळायचंच. आणि जुलाबाचा पेशंट असेल, विशेषतः सी. डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जंतूचा, तर हँडरबवर थांबू नका, ते स्पोअर्स अल्कोहोलनं मरत नाहीत, साबण-पाण्यानं धुवून काढावे लागतात.

ज्यांना आपल्या वॉर्डात सुरुवात करायचीये त्यांनी निरीक्षकांची फौज नसली तरी जिनिव्हाचा लिटरचा हिशेब करावा, त्याला फक्त स्टोअरचं रजिस्टर आणि रोजची बेडसंख्या लागते. समजा ३० बेडचा वॉर्ड महिनाभर पूर्ण भरलेला होता, तर ३० गुणिले ३०, ९०० पेशंट-दिवस झाले. त्या महिन्यात ४.५ लिटर हँडरब संपलं, तर १,००० पेशंट-दिवसांमागे ५ लिटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वतःची तपासणी करायच्या तक्त्यात अपेक्षा आहे निदान २० लिटरची. फक्त एक बघा, स्टोअरमधून निघालं ते नाही मोजायचं, बेडपाशी रिकामं झालं ते मोजायचं, आणि रिकामी बाटली कोण बदलणार त्या मावशींचं किंवा मामांचं नाव पाळीप्रमाणे फळ्यावर लिहून ठेवायचं.